सिंहगड उतरलो परवा, मांड्या भरल्या आज

काउंटर_नंबर_तीन:
मंडळी, रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. वय ४७, बँकेत नोकरी, व्यायाम म्हणाल तर सोसायटीचे जिने. चढताना छातीचा भाता झाला, पाय मात्र शाबूत. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, मग उड्या मारत खाली. सोमवारी जरा ताठरल्यासारखं वाटलं. आज कमोडवर बसताना टॉवेलची दांडी धरावी लागली (ती निघून हातात आली, तो वेगळा धागा). गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढच्या बाजूला हात लावू देत नाही. बायको म्हणते लॅक्टिक ॲसिड, लिंबूपाणी घे. पण दम लागला चढताना आणि दुखतंय दोन दिवसांनी, हे काय गौडबंगाल?

वाटी_सरकली:
फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहितो. वहिनींना सांगा, लॅक्टिक ॲसिड निर्दोष आहे. ते रविवारीच तासा-दीड तासात निघून गेलं. तुम्हाला नडली ती उतरण.

मांडीच्या पुढे चार स्नायूंचा गठ्ठा असतो, क्वाड्रिसेप्स. तो गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडाला धरतो. चढताना तो आखडतो आणि गुडघा सरळ होतो. उतरताना गुडघा वाकतो, म्हणजे स्नायू लांबतो. पण तुम्ही गडगडू नये म्हणून तो त्याच वेळी आवरूनही धरतो. विहिरीतून पोहरा ओढताना माणूस दमतो, पण भरलेला पोहरा खाली सोडताना दोर तळहात सोलतो. तसंच. उतरायला प्राणवायू कमी लागतो, म्हणून दम लागत नाही आणि आपण फसतो.

स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात; हे १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी एकदमच मांडलं. ताणाखाली लांबताना ही वीण जागोजागी उसवते. मग सूज येते, डागडुजी सुरू होते. त्यामुळे ठणका २४ ते ७२ तासांत शिगेला जातो. चालत राहा, अंथरूण धरू नका.

काठीवाला:
+१. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा जा, या वेळेपेक्षा निम्मंही दुखणार नाही, स्वानुभव. उतरताना पावलं छोटी टाका. एक मात्र गमतीत घेऊ नका: लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू फार फुटला की त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं.

काउंटर_नंबर_तीन:
लघवी ठीक आहे, चौकशीबद्दल आभार. आज बँकेचा जिना पाठमोरा उतरलो, शिपाई मोबाईल काढायच्या बेतात होता. बायकोला पोहऱ्याचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग केलेल्या लिंबूपाण्याचं काय करू?" प्यायलो.