काकूंचा फोटो काचेला चिकटला (सोसायटी ग्रुप)

बी-३०२ वहिनी: काल काकांकडे गेले तर ते काकूंच्या फोटोवर हेअर ड्रायर धरून बसलेले. फोटो काचेला चिकटलाय. हा सल्ला त्यांना कोणी दिला, कळेल का? गोव्यातल्या बेतीच्या फेरीधक्क्यावरचा तो एकच फोटो आहे. दुसरी प्रत नाही.

सेक्रेटरी: मी फक्त जरा गरम हवा द्या म्हटलं. चांगल्या मनाने सांगितलं होतं.

सी-१०४: मन चांगलंच, पण ड्रायर आधी बंद करा. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. आपल्या पावसाळ्यात तो दमट हवेने मऊ होतो आणि काचेला धरतो. उष्णतेने कागद वाकतो, थराला भेगा जातात. त्यात कोणी ओढलं तर चेहरा काचेवर राहील आणि कोरा कागद हातात येईल.

ए-२०१ अण्णा: आणि लॅमिनेट करू नका.

ए-१०३: ही नवी फ्रेम समितीनेच दिली ना गेल्या वर्षी? काच थेट फोटोवर? मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून दोनेक मिलिमीटर जागा सोडतात.

खजिनदार: माउंटचे पैसे वेगळे होते. मीटिंगमध्ये "कशाला" कोण म्हणालं, ते मिनिट्समध्ये आहे.

बी-३०२ वहिनी: कृपया. बुधवारी वर्षश्राद्ध आहे.

डी-४०१: पाहुणे येणार तर स्टिल्ट पार्किंगमधली पांढरी गाडी कोणाची? तीन दिवस हललेली नाही.

सी-१०४: आधी काचेसकट प्रत काढून घेऊ. स्कॅनरवर ६०० डीपीआय, टिफ फाइल. पातळ सीआयएस स्कॅनर नको, त्याला काचेला टेकलेलंच नीट दिसतं; फ्रेमच्या काचेच्या जाडीमुळे धूसर येतं. तसाच असेल तर कॅमेरा बरा: फ्लॅश बंद, उजेड बाजूने, समोर काळं कापड धरून. म्हणजे काचेत आपलंच तोंड उमटत नाही.

ए-१०३: १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला म्हणून काकू पणजी-बेती फेरीबोटीला लागल्या. काकांचं ऑफिस तर बेतीलाच. ते रोज पणजीला कशाला उतरायचे, विचारा कोणीतरी 😄

बी-३०२ वहिनी: काका वाचतायत हो.

डी-४०१: पांढरी गाडी?

ई-२०२: ट्रंकेत काकूंची इनलँड पत्रंही आहेत. टाचण्या लावून ठेवलेली. थोडी बुरशी दिसते.

सी-१०४: टाचण्या आधी काढा, गंज कागद खातो. ओलं फडकं लावू नका, बुरशी पसरते. हवेशीर जागी सुकू द्या, पंखा थेट नको, मग गॅलरीत मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. उन्हात नको, शाई उडते. उलगडून टिपकागदात सपाट ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं तर आतली ओल आतच कुजवते. पूर्ण सुकल्यावर घट्ट डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

ए-२०१ अण्णा: पत्रंसुद्धा लॅमिनेट करू नका. एकदा चिकटलं की सुटत नाही.

सेक्रेटरी: फोटो पाण्यात घातला की सुटतो म्हणतात.

सी-१०४: सुटतो, पण तो शेवटचा उपाय. डिस्टिल्ड वॉटर, साधं गार, ट्रेमध्ये काच खाली. फोटो आपणहून सुटेपर्यंत थांबायचं, नखाने टोकरायचं नाही. आणि मागे शाईचं लिखाण असेल तर अजिबात नाही. काका, फ्रेमचा मागचा पुठ्ठा हळूच काढून बघाल?

डी-४०१: गाडी माझ्याच भाच्याची निघाली. हलवतो.

काका: पुठ्ठा काढला. फाउंटन पेनने तिचं अक्षर आहे. "उद्या सव्वासातची फेरी. छत्री विसरू नका." इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून होतं.

काका: पाण्यात घालत नाही. काच राहू दे तशीच.

सी-१०४: बरोबर, काका. सव्वासहाला स्कॅनर घेऊन येतो. मागच्या बाजूची प्रत आधी काढू.

काका: ये. अण्णा, लॅमिनेट करणार नाही.