‘खोड’ की ‘चाळा’? तबेल्यातल्या घोड्यासाठी नेमका शब्द

प्रश्न : शर्यतीच्या घोड्यांविषयी मराठीत लिहीत आहे. तबेल्यात राहणारे काही घोडे दाराची कड दातांत धरून वारा गिळतात, तर काही जागच्या जागी उभे राहून तासन् तास मान डावी-उजवीकडे झुलवतात. याला ‘खोड’ म्हणावे का? आमच्या अमरावतीकडे बैलासाठी तोच शब्द आहे.

उत्तर : शब्द चुकीचा नाही, पण तो दोष जनावराच्या अंगात आहे असे आधीच ठरवून मोकळा होतो. ‘जित्याची खोड’ मेल्याशिवाय जायची नाही हे आपण धरूनच चालतो, आणि ‘खोड मोडायची’ म्हटले की हातात काठी आलीच. मोकळा घोडा दिवसाचे 14 ते 16 तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, मात्र ते शमवणारी लाळ चावतानाच सुटते. दाणा भरपूर, गवत बेताचे, सकाळची रपेट आणि उरलेला दिवस एकट्याचा कप्पा, असे आयुष्य असेल तर रिकामे तोंड लाकूड शोधते. गळ्याला पट्टा आवळला की वारा गिळणे थांबते, ओढ थांबत नाही. मान झुलवणाऱ्याला शेजारचा घोडा दिसू लागला की झुलणे पुष्कळदा कमी होते. नुसता आरसा लावूनही काहींचे कमी झालेले आहे. ‘घोडा का अडला?’ या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असेच आहे, घोडा खोडीचा होता म्हणून नव्हे. म्हणून मी ‘चाळा’ म्हणेन.

आमच्या पटाच्या जोडीतला एक बैल शंकरपटाआधी, म्हणजे बैलांच्या शर्यतीआधी, कोठ्यातून काढून वेगळा बांधला होता. सरकी-ढेप चालू होती आणि पोट सुटू नये म्हणून कुटार, म्हणजे भुशाचा चारा, बंद केले होते. रिकाम्या गव्हाणीपुढे तो जीभ बाहेर काढून हवेत वेटोळी घालू लागला. घरात सगळे त्याला खोडीचा म्हणाले, मीही म्हणालो. कुटाराची टोपली पुन्हा भरली आणि त्याला जोडीदाराशेजारी बांधला, तेव्हा जीभ बरीचशी आत राहिली.

दुसरे मत : ‘चाळा’ फार हलका वाटतो. पोरगा पेनाच्या टोपणाशी करतो तो चाळा. वारा गिळणारा घोडा कुरणात सोडल्यावरही कित्येकदा गिळतच राहतो, त्याला हा शब्द पुरेल का?

उत्तर : हरकत मान्य आहे. नुसता ‘चाळा’ सुटण्याजोगा वाटतो, म्हणून त्याला ‘जडणे’ हे क्रियापद द्यावे. ते सवयीलाही लागते आणि व्याधीलाही. जागेवरच बांधून ठेवलेल्या जनावराला ‘ठाणबंद’ हा शब्द आपल्याकडे तयार आहेच. तेव्हा आपल्या लेखात असे वाक्य चालेल : ‘घोडा ठाणबंद राहिल्याने त्याला वारा गिळण्याचा चाळा जडला.’