मदत हवी आहे: पायथन प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट कसे लिहायचे, यावर टीमचं एकमत कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमची छोटी सॉफ्टवेअर टीम आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांसाठी आम्ही एक प्रणाली बनवतो. सुताचा साठा किती, कुठलं बीम कुठल्या मागावर चढलंय, कामगाराने किती नग काढले, त्याची मजुरी किती झाली, हे सगळं त्यात येतं. सर्व्हरचं काम पायथन आणि त्यातल्या जँगो फ्रेमवर्कवर आहे. काही जण इथे ऑफिसात, काही पुण्याहून काम करतात, आणि इथल्या कॉलेजची मुलं इंटर्न म्हणून येऊन-जाऊन असतात.

अडचण इम्पोर्टची आहे, म्हणजे दुसरीकडचा कोड आणणाऱ्या, फाइलीच्या सुरुवातीच्या ओळींची. एकाच्या एडिटरमध्ये आयसॉर्ट (इम्पोर्टच्या ओळी क्रमाने लावणारं टूल) आहे, दुसरा पायचार्म एडिटरच्या ऑप्टिमाइझ इम्पोर्टवर विसंबतो, तिसरा हाताने लावतो. एकाने फाइल सेव्ह केली की ओळी खालीवर होतात, दुसऱ्याने केली की परत जागेवर. मजुरीच्या सूत्रातला दोन ओळींचा बदल तपासायला घ्यावा, तर वर पंचवीस ओळींची हलवाहलव दिसते आणि खरा बदल नजरेतून सुटतो. पैशाचा हिशेब आहे, कामगाराच्या हातात जाणारी रक्कम आहे, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते.

क्रमाचं काम टूलवर सोपवता येईल. पण दोन प्रश्न टूल सोडवणार नाही असं वाटतं:

पहिला, आपल्याच पॅकेजमधली फाइल आणताना पूर्ण मार्ग लिहायचा की टिंब देऊन सापेक्ष, म्हणजे सध्याच्या फाइलीच्या जागेपासूनचा?

दुसरा, फ्रॉम वापरून थेट फंक्शन आणायचं, की मॉड्यूल (म्हणजे अख्खी फाइल) आणून त्याच्या नावाने हाक मारायची?

दोन्ही बाजूंची माणसं अनुभवी आहेत, दोघांकडे कारणं आहेत. ऑफिसात मराठी, तेलुगू, कन्नड सगळं चालतं. समोरासमोर बोलताना कुणाला काही लागत नाही. तोच मुद्दा रिव्ह्यूमध्ये एका ओळीच्या शेऱ्यात आला की टोचतो, आणि नवीन मुलं तर गप्पच होतात. तुमच्या टीममध्ये हे कसं ठरलं? मतदान घेतलं, की वरिष्ठांनी ठरवलं?

प्रतिसाद

पेप ८, म्हणजे पायथनची अधिकृत लेखनशैली मार्गदर्शिका, सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. २००१ पासूनचा दस्तऐवज आहे, इम्पोर्टचा भाग जेमतेम पानभर. आधी स्टँडर्ड लायब्ररी, मग बाहेरची पॅकेजेस, मग आपला कोड, प्रत्येक गटामध्ये एक रिकामी ओळ. पूर्ण मार्गाची शिफारस आहे, पण टिंबवाला सापेक्ष इम्पोर्टही चालतो असं स्पष्ट लिहिलंय, विशेषतः पॅकेजची रचना खोल असेल तर. म्हणजे तुमच्याकडचे दोघंही नियमाबाहेर नाहीत. तारांकित इम्पोर्ट (मॉड्यूलमधलं सगळं एकदम आणणारा) मात्र टाळा म्हणून सांगितलंय, तिथे वाद घालू नका.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण तिथे आवडीनिवडीपलीकडचं काही आहे.

समजा तुमच्या ‘हिशेब’ मॉड्यूलने ‘दर’ मॉड्यूलमधलं फंक्शन फ्रॉम वापरून घेतलं. चाचणीत तुम्ही ‘दर’मधलं ते फंक्शन मॉकने पॅच केलं, म्हणजे त्याजागी तात्पुरतं खोटं फंक्शन बसवलं. पण ‘हिशेब’ने त्या फंक्शनला आपल्याकडे आधीच नाव देऊन ठेवलंय, त्यामुळे चाचणी खऱ्या दरानेच चालते. पॅच ‘हिशेब’मधल्या नावावर करावा लागतो. इंटर्न मुलं इथे हमखास अडकतात. मॉड्यूल आणून त्याच्या नावाने हाक मारली असेल, तर मूळ जागी केलेला पॅच लागू पडतो.

दुसरं, चक्री इम्पोर्ट. ‘दर’ला ‘हिशेब’ हवा आणि ‘हिशेब’ला ‘दर’, असं झालं की फ्रॉमवाली ओळ अर्धवट लोड झालेल्या मॉड्यूलमध्ये नाव शोधते आणि इम्पोर्ट एरर येते. नुसतं मॉड्यूल आणलं तर नाव फंक्शन चालवताना शोधलं जातं, म्हणून बऱ्याचदा निभावतं. अर्थात चक्र राहिलंच, ते तोडायला हवंच.

गुगलची पायथन मार्गदर्शिकाही पॅकेज आणि मॉड्यूलच आणा म्हणते, सुट्टे क्लास किंवा फंक्शन नको; टायपिंग मॉड्यूलसारखे मोजके अपवाद आहेत. पण जँगोमध्ये मॉडेल क्लास थेट आणायची सवय सगळीकडे आहे, तिथे हा नियम लादलात तर कोड परका वाटेल. मी तुमच्या जागी असतो तर मॉडेल आणि टाइप थेट, हिशेबाची फंक्शनं मॉड्यूलच्या नावाने, असं ठरवलं असतं.

मतदान नको. प्रत्येकाने आपल्याच कोडमधली, आपल्या पद्धतीने सोपी झालेली एक फाइल दाखवावी, त्यावर बोलावं, आणि नंतर एकाने निर्णय लिहून रेपोमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) ठेवावा. कारणासकट लिहा. नवीन आलेल्याला नुसता नियम दिला तर तो तेच पुन्हा विचारणार.

प्रतिसाद

क्रमासाठी रफ हे कोड तपासणारं आणि नीट मांडणारं टूल वापरा, आयसॉर्ट काढून टाका. एक लक्षात ठेवा: रफचा फॉरमॅट आदेश इम्पोर्टचा क्रम लावत नाही, त्यासाठी त्याच्या चेक आदेशात ‘आय’ गटाचे नियम चालू करावे लागतात. आयसॉर्टच ठेवायचा असेल आणि सोबत ब्लॅक हा कोड फॉरमॅटर असेल, तर त्याचं ब्लॅक प्रोफाइल निवडा, नाहीतर लांब ओळी मोडण्यावरून दोघांची ओढाताण होते. प्री-कमिटमध्ये (कमिट करण्याआधी आपोआप होणाऱ्या तपासणीत) घाला आणि सीआयमध्येही (सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीत), कारण प्री-कमिट प्रत्येकाच्या मशीनवर बसवलेलं असेलच असं नाही.

आणि इनिट फाइली (पॅकेज लोड होताना आधी चालणाऱ्या) आधी डोळ्यांनी बघा. तिथे क्रमाला अर्थ असू शकतो. क्रम बदलला आणि सर्व्हर उठेना, असं होतं. अशा ओळींना आयसॉर्टची स्किप सूचना द्या, रफही ती पाळतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. पॅचचा मुद्दा वाचला आणि आमच्या दोन चाचण्या उघडून बघितल्या, अगदी हाच प्रकार. पुण्याच्या मंडळींनाही पटलं. मॉडेल आणि टाइप थेट, बाकी मॉड्यूलच्या नावाने. शेजारच्याच फाइलसाठी एक टिंब चालेल, दोन टिंबं आली की पूर्ण मार्ग. निर्णयाची फाइल मी लिहायला घेतलीय, मराठीतच.

एक शंका राहिली. दिवाळीच्या बोनसचं मोठं काम वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र फाट्यावर) चालू आहे. मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, सगळ्या फाइलींना रफ लावलं तर ती ब्रँच जोडताना कॉन्फ्लिक्टमध्ये (एकाच ओळीतल्या परस्परविरोधी बदलांत) बुडेल. शिवाय गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली हे दाखवणाऱ्या आदेशात) प्रत्येक इम्पोर्टवर माझंच नाव येईल.

प्रतिसाद

बोनसच्या ब्रँचमध्ये आधी मेनचा, रफ लावण्याच्या अगदी आधीचा कमिट मर्ज करा. मग त्या ब्रँचवर तेच रफ, त्याच सेटिंगने चालवून कमिट करा. त्यानंतर मेनवरचा रफचा कमिट अवर्स स्ट्रॅटेजीने मर्ज करा, म्हणजे मजकूर पूर्णपणे आपल्या ब्रँचचाच राहतो. एक्स ऑप्शनमधलं अवर्स वेगळं, ते फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतं, गल्लत करू नका. रफचा कमिट एकटा असू दे, त्यात दुसरा एकही बदल नको, नाहीतर अवर्समध्ये तो बदल गिळला जाईल.

ब्लेमसाठी गिट २.२३ पासून सोय आहे. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत लिहायचा आणि ब्लेमच्या इग्नोर-रेव्हज-फाइल सेटिंगमध्ये ती फाइल द्यायची. हॅश मर्ज झाल्यानंतरच लिहा, स्क्वॉश केलंत (अनेक कमिट एकात गुंडाळले) तर तो बदलतो.