गिरणीला गिऱ्हाईक वाढवायचंय, पण पट्ट्यापाशी गर्दी होते. काय करू?

दळणवाला_कराड:
नमस्कार मंडळी. कराडजवळ गावात माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांपासूनची, गव्हाची चक्की आणि शेजारी मिरचीचा डंक. फेब्रुवारी ते मे मिरचीचा सीझन, तेव्हाच चार पैसे दिसतात, पण दोन वर्षं झाली लोक तयार चटणीची पाकिटं घ्यायला लागलेत आणि शेजारच्या गावात नवीन गिरणी पण झालीय. म्हणून पॅम्प्लेट छापायला टाकणार होतो तेवढ्यात गेल्या रविवारी असं झालं की अजून नीट झोप नाही. जागा 10 बाय 14, लोक डबा घेऊन थेट आत येतात, आपलंच पीठ मिळतंय ना बघायला. एक काकू वाकून पीठ बारीक आलंय का चिमटीत धरून बघत होत्या आणि पंख्याच्या वाऱ्याने पदर उडून पट्ट्यात गेला. जुनं सुती लुगडं होतं म्हणून टर्रकन फाटलं, हातभर तुकडा पुलीला गुंडाळला गेला. काकू गुडघ्यावर आदळल्या, बाकी वाचल्या. नायलॉनची साडी असती तर काय झालं असतं विचार करवत नाही. पट्टा बदलताना जाळी काढली होती ती परत लावलीच नव्हती, चूक माझीच आहे. आता लोकांना आत येऊ दिलं नाही तर म्हणतील हा पीठ बदलतो, आणि येऊ दिलं तर ही भीती. काय करावं?

मोटर_रिवाइंडिंग:
भाऊ पॅम्प्लेट राहू दे, आधी जाळी लाव, आजच. 1440 आरपीएमची मोटर आणि 4 इंची पुली धर, पट्टा सेकंदाला साडेसात मीटरच्या वर पळतो, तू स्विचपर्यंत पोचेस्तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. जाळी दोन्ही बाजूंनी पाहिजे, बोट आत जाणार नाही एवढी बारीक, आणि नटबोल्टने घट्ट. पट्टा पुलीवर चढतो ती जागा सगळ्यात वाईट, ओढून घेते ती तिथेच.
दुसरं, स्टार्टर बघ. लाइट गेली की चांगला स्टार्टर आपोआप पडतो, लाइट आल्यावर परत बटण दाबावं लागतं. पण कितीतरी गिरण्यांत मी बटणात काडी खोचलेली बघितलीय, सारखं दाबायला नको म्हणून. लाइट गेलीय म्हणून कामाचं पोरगं अडकलेलं दळण काढायला आत हात घालतं आणि नेमकी तेव्हाच लाइट येते. चक्कीच्या दगडाला टाकी लावताना, म्हणजे छिन्नीने खाचा पाडताना, मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवायचा, दुसरं कोणी चालू करूच शकत नाही. आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घे, ओल्या हाताने डबे उचलता तुम्ही लोक.

चटणीवाली_सांगली:
दादा, माझं मिरची कांडप आहे 9 वर्षं. तुमचा प्रश्न मलाही होता, मी मध्ये कंबरेएवढा कट्टा बांधला आणि वर मोठी काच लावली, बायका बाहेर बाकावर बसून सगळं बघतात. संशय वजनावरून येतो हो, म्हणून मिरची त्यांच्यासमोर मोजायची, चिठ्ठीवर नाव आणि वजन लिहून डब्यातच टाकायची, चटणी झाली की परत समोर मोजायची आणि घट किती आली ते आपणच आधी सांगायचं. काट्याला वजनमापेवाल्यांचा चालू वर्षाचा शिक्का पाहिजे, तो दिसेल असा ठेवा.
गर्दीसाठी वेळ देते मी, व्हॉट्सअपवर नाव नोंदवायचं, तासाला दोनच घरं. त्याने सकाळची झुंबड गेली आणि नोकरीवाल्या बायका संध्याकाळी यायला लागल्या, माझं निम्मं नवीन गिऱ्हाईक तेच आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट करताना एक लक्षात ठेवा, एका लिस्टीत 256 नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून चिठ्ठीवर नंबर छापा आणि तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगा. मेसेज पण कामाचा टाका, सणाच्या शुभेच्छा सगळेच टाकतात. ब्याडगीने रंग येतो, संकेश्वरीला चव आहे, तिखटपणाला लवंगी, किलोला कुठली किती घ्यायची हे मी सीझनच्या आधी टाकते, तो मेसेज बायका पुढे पाठवतात. गुगल मॅपवर पण गिरणी टाका, पैसे लागत नाहीत, आठवड्याची सुट्टी बरोबर लिहा. स्वतःची चटणी पाकिटात विकायची असेल तर मात्र एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षावाल्यांचा) 14 आकडी नंबर लागतो.
आणि कामाच्या पोराला गॉगल आणि मास्क द्या, नुसता रुमाल चालत नाही, एक्झॉस्ट पंखा लावा. हाताची आग पाण्याने जात नाही, आधी तेल चोळायचं मग साबण.

पुण्याची_लेक:
गिऱ्हाईक म्हणून सांगते, मी पाकिटाची चटणी घेते कारण लहान मुलाला घेऊन गिरणीत उभं राहायची भीती वाटते, ठसका वेगळाच. बाहेर बसायला जागा आणि वेळ ठरलेली असेल तर मी आईबरोबर नक्की येईन. जाळी लावल्याचा फोटो टाका तुम्ही ग्रुपवर, बघतात लोक.

दळणवाला_कराड:
सगळ्यांचे आभार. काल फॅब्रिकेशनवाल्याला माप देऊन जाळी करून आणली, पट्टा पूर्ण झाकलाय. कट्टा पुढच्या आठवड्यात. काकूंच्या घरी साडी घेऊन गेलो होतो, गुडघा सुजलाय अजून, डॉक्टरचं बिल मीच दिलं. पॅम्प्लेट रद्द करून त्या पैशात बाक आणि काच करतोय. मोटरवाले दादा, बेअरिंगला ग्रीस रोज लागतं, दर वेळी जाळी काढायची का?

मोटर_रिवाइंडिंग:
नको, तिथेच तर सगळे फसतात, एकदा काढली की राहते कोपऱ्यात. ग्रीस भरायच्या निपलला नळी जोडून तिचं तोंड जाळीच्या बाहेर काढ, बाहेरूनच गन लाव. ग्रीस देताना पण मशीन बंदच पाहिजे.