शेजारच्या व्हिएतनाम वेटरन आजोबांना ऑनर फ्लाइटने डीसीला पाठवायचंय, कोणाला अनुभव आहे का?

कोलंबसकर:
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही ओहायोत, कोलंबसला. शेजारी एक आजोबा आहेत, ७८ वर्षांचे, एकटेच राहतात, १९६९ मधे व्हिएतनाम युद्धात सैनिक होते. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा पहिल्याच बर्फात काही न बोलता आमचा ड्राइव्हवे साफ करून गेले होते, तेव्हापासून घरातलेच झालेत. परवा म्हणाले, वॉशिंग्टनची ती व्हिएतनाममधे गेलेल्यांच्या नावांची भिंत अजून बघितली नाही, माझ्याबरोबरच्या दोघांची नावं तिथे आहेत. वेटरन म्हणजे माजी सैनिकांना तिथली स्मारकं दाखवायला नेणारी ऑनर फ्लाइट नावाची संस्था आहे, ते फुकट नेतात म्हणे, खरंय का? गुडघे पार गेलेत त्यांचे. मी सोबत जाऊ शकतो का?

गार्डियन_ताई:
खरंय, वेटरनला एक पैसा पडत नाही, सगळं देणग्यांवर चालतं. आणि हे सुरू झालं तुमच्याच ओहायोत! २००५ मधे स्प्रिंगफील्डहून सहा छोट्या विमानांतून दुसऱ्या महायुद्धातले १२ जण नेले होते. आता देशभर शंभराच्या वर हब म्हणजे स्थानिक शाखा आहेत, कोलंबसचाही आहे, तिथेच अर्ज करा. डीडी-२१४ म्हणजे त्यांचा डिस्चार्जचा कागद आधी शोधून ठेवा, लोक तिथेच अडकतात. महायुद्धवाले आधी, मग कोरिया, मग व्हिएतनाम असा नंबर लागतो. गंभीर आजार असेल तर नंबर वर येतो, ते लपवू नका. व्हीलचेअर मिळते, लाजायचं काही नाही, चालणारेसुद्धा बसतात.

सोबत जाणाऱ्याला गार्डियन म्हणतात, त्याला स्वतःचे पैसे भरावे लागतात, रक्कम हबप्रमाणे वेगळी. बायको किंवा नवरा सहसा चालत नाही, तरुण आणि धडधाकट माणूस लागतो, तुम्ही नक्की विचारा. मी गेले होते एका आजोबांबरोबर. पहाटे निघून रात्री परत, दिवसभर व्हीलचेअर ढकलून हात भरून आले पण तो दिवस विसरणार नाही.

पोटोमॅककाठी:
भिंतीबद्दल एक सांगतो. ५८ हजारांवर नावं आहेत आणि ती एबीसीडीप्रमाणे नाहीत, कोण कधी गेलं त्या तारखेप्रमाणे आहेत, म्हणजे एकाच दिवशी गेलेले शेजारी शेजारी. त्या दोघांची नावं आधीच ऑनलाइन शोधून पॅनल नंबर आणि ओळ लिहून घ्या, ग्रुपबरोबर वेळ कमी असतो, गर्दीत शोधत बसलात तर तिथेच संपतो. कागद पेन्सिल न्या, नावाचा ठसा घेता येतो. काळा ग्रॅनाइट आहे, नावं वाचताना त्यात आपलाच चेहरा दिसतो, त्यामुळे तिथे त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, दोन पावलं मागे थांबा.

गार्डियन_ताई:
हो हो, अगदी. आणि मेल कॉल! परतीच्या विमानात प्रत्येकाच्या नावाने पत्रांचं पाकीट देतात, जुन्या लष्करी टपालासारखं. आधी गुपचूप गोळा करायची असतात. आमच्या आजोबांनी पहिलं पत्र उघडलं आणि बाकीची घरी वाचेन म्हणाले. एकटे राहणाऱ्याला जास्त पत्रं लागतात, आत्तापासून लागा.

कोलंबसकर:
काल विचारलं त्यांना. बराच वेळ गप्प होते, मग आत जाऊन डीडी-२१४ घेऊन आले, कपाटात वरतीच होता. फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला. दोन्ही नावं त्यांनी स्वतःच्या हाताने मला लिहून दिलीत, पॅनल आज शोधतो. माझ्या मुलीचं पत्र लिहून तयार आहे, मराठीत लिहिलंय, खाली मी इंग्रजीत अर्थ लिहिला तर चालेल ना?

गार्डियन_ताई:
चालेल काय, पळेल! मराठीच राहू दे वरती.