जुन्या शेव्हेलची सुरुवात वाकडी का होते?

प्रश्न: माझ्या १९७० च्या शेव्हेलचा (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) क्लच ड्रॅग पट्टीवर, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, सोडताच पुढचे डावे चाक उचलले जाते, मागचा उजवा टायर आधी घसरतो आणि गाडी उजवीकडे ओढते. चासी (गाडीचा सांगाडा) कमजोर झाली असेल का?

उत्तर १: चासीला दोष देण्याची घाई नको. प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा) पीळ मागच्या अखंड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध, अॅक्सलवर येतो, तेव्हा डावे चाक जमिनीवर दाबले जाते आणि उजवे हलके होते. आपल्या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग असल्यामुळे दोन्ही स्प्रिंगच्या आत एअर बॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) बसवून उजवीत डावीपेक्षा जास्त हवा ठेवणे, हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. हवा थोडी थोडीच वाढवावी. अती झाल्यास गाडी डावीकडे जाऊ लागते.

उत्तर २: सहमत, परंतु त्याआधी मागच्या कंट्रोल आर्मचे (अॅक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश तपासावेत, ते फाटलेले असतील तर हवेचा हिशेब रोज बदलेल. माझ्या मते मागचा जाड अँटी-रोल बार (गाडीचे एका बाजूला कलणे रोखणारा दांडा) हाच खरा इलाज आहे.

उत्तर ३: १९६७ ते ६९ च्या कॅमॅरोला (शेव्हरोलेचीच दुसरी गाडी) मात्र पुढची सबफ्रेम (सांगाड्याचा पुढचा भाग) वेगळी असल्याने तिला मागच्या भागाशी जोडणारे सबफ्रेम कनेक्टर आधी जोडावेत.