पहिल्या मोठ्या क्लिनिकल पोस्टिंगची तयारी कशी करावी? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

दुसऱ्या_वर्षाची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लवकरच आमची मेडिकल-सर्जिकल वॉर्डातील सलग पोस्टिंग (वॉर्डात प्रत्यक्ष कामाची नेमणूक) सुरू होत आहे. स्किल लॅबमध्ये प्रत्येक प्रोसिजरचा डेमो झाला, त्यानंतर प्रत्येकीचा रिटर्न डेमोही (पाहिलेले स्वतः करून दाखवणे) झाला. पण एका मॅनिकिनभोवती (सरावाच्या बाहुलीभोवती) एवढी गर्दी असते, की एकदा हात लागल्यावर पुन्हा पाळी येईपर्यंत पायऱ्या विसरायला होतात. आधीच्या छोट्या पोस्टिंगमध्ये आमच्या वाट्याला बेड मेकिंग आणि टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वसन आणि रक्तदाब मोजणे) एवढेच आले. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेसिंग ही कामे आम्ही इतरांच्या खांद्यावरून पाहिली. प्रोसिजर बुक (केलेल्या कामांची नोंदवही) मात्र मुदतीत भरून सह्या घ्यायच्या आहेत.

हाताशी थोडाच वेळ असताना कोणत्या कौशल्यांवर भर द्यावा, वॉर्डात प्रत्यक्ष काम करण्याची संधी कशी मागावी आणि व्हिडिओ पाहून केलेला सराव कितपत उपयोगी पडतो, याबद्दल मार्गदर्शन करावे. पुस्तकांची नावे नकोत, ती माझ्याकडे आहेत; हात बसावा म्हणून काय करता येईल, ते सांगावे.

शेवटच्या_वर्षाची

व्हिडिओ उपयोगी पडतात, पण नुसते पाहून नाही. पहिल्यांदा आवाजासह पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून प्रत्येक पायरी आणि तिचे कारण स्वतः मोठ्याने सांगा. जिथे अडखळाल, तिथेच आपले कच्चे आहे असे समजा. तिघींचा गट करून सराव करणे त्याहून चांगले: एकीने प्रोसिजर करावी, दुसरीने चेकलिस्ट हातात धरून शेवटपर्यंत एक शब्दही बोलू नये आणि तिसरीने रुग्ण होऊन मध्येच "दुखेल का हो?", "हे कशासाठी देताय?" असे प्रश्न विचारावेत. मॅनिकिन बोलत नाही, त्यामुळे हात चालू ठेवून उत्तर देण्याची सवय लॅबमध्ये लागतच नाही आणि वॉर्डात नेमकी तिथेच तारांबळ उडते. ऑस्की पद्धतीच्या (टप्प्याटप्प्याने घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक) परीक्षेतही रुग्णाशी बोलण्याला गुण असतात, हा वेगळा फायदा.

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर

वरचा सल्ला योग्य आहे. माझे मत असे, की पोस्टिंगपूर्वी प्रोसिजरची लांबलचक यादी उरकण्याच्या मागे लागू नये. हातांची स्वच्छता, व्हायटल्स (म्हणजे टीपीआर-बीपी), निर्जंतुक साहित्य हाताळणे, औषधांचे हिशेब आणि रुग्णाची माहिती नेमकेपणाने सांगणे, एवढ्या पाच गोष्टी पक्क्या कराव्यात. कॅथेटर घालणे मोठे काम वाटते, परंतु त्यातील अवघड भाग निर्जंतुकता सांभाळण्याचा आहे; जिला निर्जंतुक पॅक न बाटवता उघडता येतो, ग्लोव्ह्ज बाहेरच्या बाजूला स्पर्श न करता घालता येतात आणि हात कमरेच्या वर ठेवण्याची सवय आहे, तिला उरलेल्या पायऱ्या वॉर्डात एक-दोनदा पाहून जमतात. पायऱ्या पाठ असूनही ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने चश्मा वर सरकवणारी विद्यार्थिनी मात्र प्रत्येक प्रोसिजरमध्ये अडते.

हात धुण्याबद्दल सर्वांनाच वाटते, की ते येतेच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच वेळा म्हणजे रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, स्वच्छ किंवा निर्जंतुक कामापूर्वी, रक्त वा शरीरद्रवांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. यांतील शेवटची वेळ हमखास चुकते, कारण नुसते लॉकर सरकवले किंवा बेडचे रेलिंग वर केले तर "रुग्णाला कुठे हात लावला?" असे वाटते. हँडरब (हातांना चोळायचे जंतुनाशक) २० ते ३० सेकंद चोळावा, साबण-पाण्याने धुण्याची पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची असते आणि ग्लोव्ह्ज घातल्याने यातून सुटका होत नाही.

बीपीवर वेळ घालवा, असे मी आग्रहाने सांगते, कारण दिवसभरात सर्वांत जास्त वेळा तेच करायचे असते आणि सर्वांत निष्काळजीपणे तेच होते. रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा, पाठीला आधार, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, दंड हृदयाच्या पातळीला. कफमधील (दंडाला बांधायच्या पट्ट्यातील) फुगा दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापेल असा कफ निवडावा. जाड दंडाला लहान कफ बांधला, की आकडा खोटाच वाढून येतो. आधी मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून कफ फुगवावा, नाडी लागेनाशी झाली की तो आकडा लक्षात ठेवावा, हवा सोडून थोडे थांबावे आणि मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्यापेक्षा ३० ने वर जावे. हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीने सोडावी. तेव्हा रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णन केलेले ठोक्यांचे आवाज ऐकू येतात; त्यांपैकी पहिला ठोका म्हणजे सिस्टोलिक (वरचा आकडा) आणि आवाज पूर्ण बंद होतो ते डायस्टोलिक (खालचा आकडा). घाईघाईने हवा सोडली, तर हे दोन्ही आकडे अंदाजपंचे लिहिले जातात. वॉर्डात डिजिटल यंत्र असले तरी ही पद्धत हातात हवी, कारण नाडी अनियमित असलेल्या रुग्णात यंत्राच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते.

श्वसनगती पूर्ण एक मिनिट मोजावी आणि मोजताना नाडीवरचे बोट तसेच ठेवावे. आपला श्वास मोजला जातोय हे कळले, की रुग्णाचा श्वास बदलतो. अनेक ठिकाणचे तक्ते वाचले तर वॉर्डातील झाडून सारे रुग्ण मिनिटाला नेमके २० श्वास घेतात असे वाटू लागते! प्रकृती ढासळू लागल्याच्या सर्वांत आधीच्या खुणांपैकी वाढलेली श्वसनगती ही एक खूण आहे, त्यामुळे हा रकाना अंदाजाने भरणारीच्या हातून पहिली सूचनाच निसटते.

मॅनिकिनवरच्या सरावाला कमी लेखू नये. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथील नर्सिंग शाळेसाठी 'मिसेस चेस' नावाची माणसाएवढी बाहुली तयार झाली होती, म्हणजे ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंतचे तास सिम्युलेशनने (खऱ्यासारखे प्रसंग उभे करून केलेल्या सरावाने) भरून काढले, तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तिथे प्रशिक्षित शिक्षक होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर रीतसर चर्चा होत होती. नुसता रबरी हात टोचून झाला म्हणजे सिम्युलेशन झाले, असे समजू नये. तुमच्या लॅबमध्ये अशी चर्चा होत नसेल, तर सरावानंतर मैत्रिणींनी मिळून मला काय दिसले, मी काय ठरवले आणि कशावरून ठरवले, याबद्दल दहा मिनिटे बोलावे.

वॉर्ड_इन्चार्ज

मॅडमचे बहुतेक म्हणणे पटते. कॅथेटर मागे ठेवण्याबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. वॉर्डात संधी सांगून येत नाही. आयत्या वेळी "वाचलेले नाही" म्हणणारीला बाजूला उभे राहावे लागते. आदल्या दिवशी ओटी लिस्ट (शस्त्रक्रियांची यादी) पाहून जा. उद्या कोणाची शस्त्रक्रिया आहे हे कळले, की कोणती तयारी, कोणते इंजेक्शन, कोणते ड्रेन (जखमेतील द्रव बाहेर काढणारी नळी) समोर येणार याचा अंदाज येतो आणि तेवढेच रात्री वाचून येता येते.

आता संधी मागण्याबद्दल. हातात प्रोसिजर बुक घेऊन "सिस्टर, मला इंजेक्शन द्यायला द्या ना, तीनच बाकी आहेत" असे म्हणत फिरणाऱ्या विद्यार्थिनी आम्ही रोज पाहतो. त्यांना नाही म्हणण्यात दुष्टावा नसतो. औषधांच्या वेळी शिकवायला फुरसतच नसते आणि रुग्ण म्हणजे सहीसाठीचे साधन नव्हे. त्याऐवजी ड्यूटी सुरू झाल्यावर एक रुग्ण पूर्ण आपल्याकडे घ्यावा, त्याचे निदान, औषधे, रिपोर्ट, आहार, रात्री झोप लागली की नाही हे सारे माहीत करून घ्यावे, राउंडच्या वेळी त्याच्या बेडपाशी उभे राहावे आणि मग नेमके बोलावे: "सिस्टर, ८ नंबरचे ड्रेसिंग आहे. ट्रॉली मी लावते, तुम्ही एकदा बघा. आज मी असिस्ट करते, उद्या तुमच्यासमोर मी केले तर चालेल का?" ट्रॉली नीट लागलेली दिसली, की आमचा निम्मा विश्वास तिथेच बसतो. किडनी ट्रे, निर्जंतुक सेट, जास्तीचे गॉझ, चिकटपट्टी आधीच कापून ठेवलेली आणि कचऱ्याची योग्य पिशवी जवळ घेतलेली, एवढे केले तरी सिस्टरला अर्ध्या कामात धावावे लागत नाही. हे बोलणे हँडओव्हर (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवणे) चालू असताना किंवा औषधांच्या फेरीत करू नये.

रुग्णालाही आपण विद्यार्थिनी आहोत हे सांगून परवानगी घ्यावी. त्याने नकार दिला तर तो त्याचा हक्क आहे, तोंड पाडून घेऊ नये. बहुतेक रुग्ण नीट विचारले तर हो म्हणतात.

माहिती सांगण्याची एसबार पद्धत जरूर शिकावी. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत आहे, पण वॉर्डात ती अगदी चपखल बसते: आत्ता काय झाले, पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, मला काय हवे. "८ नंबरला बरे वाटत नाही" असे सांगण्याऐवजी "८ नंबरच्या रुग्णाची श्वसनगती सकाळी १६ होती, आता २६ आहे, काल पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, मला प्रकृती बिघडते आहे असे वाटते, आपण आत्ता येऊन पाहावे" असे सांगितले, तर समोरचा माणूस खुर्चीतून उठतो.

दुसऱ्या_वर्षाची_विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक अडचण आहे. लॅबमध्ये शिकवलेली पद्धत आणि वॉर्डातील पद्धत जुळली नाही तर काय करावे? सुईला पुन्हा टोपण लावताना मी काहींना पाहिले आहे. तेथे बोलले तर उद्धटपणा ठरतो आणि तसेच केले तर परीक्षेत गुण जातात. शिवाय सुई टोचण्याची भीती मनातून जात नाही.

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर

फरक दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. ट्रॉलीवरील मांडणी, पट्टी चिकटवण्याची पद्धत, नोंदीचा नमुना यांत वॉर्डाची रीत पाळावी. त्याने रुग्णाचे काही बिघडत नाही. निर्जंतुकता मोडणे, वापरलेल्या सुईला टोपण लावणे, एकीने भरलेले औषध दुसरीने देणे, रुग्णाची ओळख न पटवता औषध देणे, हे मात्र कोणी सांगितले तरी करू नये. त्यासाठी वाद घालण्याची गरज नसते. "मला असे शिकवले आहे, मी तसे करू का?" एवढे विचारले, तर समोरच्याचा मान राहतो आणि आपला हातही बिघडत नाही. तरीही आग्रह झाला, तर काम थांबवून आपल्या इन्स्ट्रक्टरला बोलवावे; आम्ही त्यासाठीच वॉर्डात असतो.

सुईच्या बाबतीत भीतीपेक्षा तयारी उपयोगी पडते. हिपॅटायटिस बीच्या लसीचे सर्व डोस पोस्टिंगपूर्वी पूर्ण झालेले असावेत आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी. शार्प्सचा (वापरलेल्या सुया-ब्लेड टाकण्याचा) डबा कामाच्या जागी हाताच्या अंतरावर आधी आणून ठेवावा, कारण सुई हातात घेऊन डबा शोधत फिरतानाच अपघात होतात. टोचलेच, तर ती जागा लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, पिळू नये, ब्लीचसारखे काही लावू नये आणि त्याच मिनिटाला इन्चार्जना कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे द्यायची ठरली, तर ती जितकी लवकर तितकी चांगली, अगदी उशिरा म्हणजे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून दुपारपर्यंत गप्प बसणे महागात पडते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर संसर्ग होण्याचे प्रमाण सरासरी ०.३ टक्के आहे, हेही लक्षात असू द्यावे, म्हणजे घाबरून हातपाय गळणार नाहीत.

दुसऱ्या_वर्षाची_विद्यार्थिनी

समजले. हिशेबांचा सराव आजच सुरू केला आहे. १००० मिली सलाइन ८ तासांत द्यायचे आणि सलाइनचा सेट (नळी) मिलीला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला ४२ थेंब येतात. बरोबर आहे ना?

वॉर्ड_इन्चार्ज

बरोबर आहे; ४१.६७ येते, ते ४२ धरायचे. पण सेटचा आकडा गृहीत न धरता वेष्टनावर पाहण्याची सवय लावा. मॅक्रो सेट १०, १५ किंवा २० थेंबांचे असतात. ६० थेंबांचा मायक्रो सेट हाती आला, तर याच ऑर्डरसाठी मिनिटाला १२५ थेंब होतात. २० थेंबांच्या सेटने घड्याळ धरून १५ सेकंदांत १० ते ११ थेंब पडताहेत का ते पाहा आणि रुग्ण कुशीवर वळला, उठून बसला किंवा हात दुमडला, की पुन्हा मोजा, कारण गती तेवढ्यानेही बदलते. मोजताना सुईच्या जागेवर सूज, लाली किंवा गारवा नाही ना, तेही पाहून घ्या. बाटलीला कागदी पट्टी उभी चिकटवून दर तासाला १२५ मिली या हिशेबाने वेळा लिहून ठेवा, म्हणजे जाता-येता नजर टाकली तरी सलाइन पुढे गेले की मागे पडले ते कळते. प्लॅस्टिकच्या पिशवीवर मात्र मार्करने थेट लिहू नका. आधी पट्टीवर लिहा आणि मग ती चिकटवा.